चांदणीचा ताप

माझ्या गाडीच्या उजेडामुळे एक माणूस धानाच्या बांधीत पडला. प्रेमाची सुरुवात म्हणून सांगावी अशी ही गोष्ट नव्हे, पण झालं तसं झालं, त्याला मी काय करू?

भंडाऱ्याहून मोहाडीकडे परतत होते. मागच्या सीटवर विकून उरलेल्या कोशाच्या साड्यांचं गाठोडं, काचेवर पावसाची भुरभुर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यात उभा असलेला हिरवागार धान. दिवस नुकताच बुडाला होता. आमची फियाट त्या आठवड्यात जरा विचित्रच वागत होती. पाय थोडा दाबला की हेडलाइट असे पेटायचे की समोरचं कडुनिंबाचं झाड पानापानाने दिसावं. मला तर मजाच वाटत होती... तेवढ्यात समोरून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने डोळ्यांवर हात घेतला, गाडी डुलली, आणि – छपाक!

मी करकचून ब्रेक मारला. बांधीतून एक उंच आकृती उठली. गुडघ्यापर्यंत चिखल, एका गालावर चिखल.

"आंधळं करता का जी मानसाले? डिप्पर नावाचा परकार हाय का नाई गाडीत?"

"डिप्परच आहे हे!" मी खिडकीतून ओरडले.

"हे डिप्पर? मंग अप्पर काय सूर्य हाय का?"

खरं तर मी माफी मागणार होते. अगदी ओठांवर आली होती. पण समोरच्याने आवाज चढवला की माझी माफी आल्या पावली परत जाते, हा माझा स्वभावच आहे. "रस्ता सोडून बांधीत जा, असं मी सांगितलं होतं का?" असं म्हणत मी रागाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, हेडलाइट पांढरेशुभ्र झाले आणि फट्... फट्! दोन्ही गेले.

क्षणभर फक्त बेडकांचा आवाज. मग त्या अंधुक उजेडातून तोच आवाज आला, पण अगदी वेगळा, लहान पोराला जत्रा दिसावी तसा.

"अरे वा!"

"अरे वा? माझे दोन्ही लाइट गेले आणि तुम्ही..."

"नाई जी, तसं नाई. थांबा, थांबा. गाडी बंद करा. बॉनेट उघडा." तो बांधावर चढून आला, नाक वर करून हुंगायला लागला. "सडल्या अंड्याचा वास येऊन राहिला ना?"

"आठवड्यापासून येतोय."

"मंग तुमाले काय वाटलं?"

"कुठे उंदीर मेला असेल."

तो हसला. पूर्ण अंगाने हसला, चिखल गळेपर्यंत. मग बॉनेटला हात लावण्याआधी त्याने शर्टाचा एकुलता एक कोरडा कोपरा शोधून हात पुसले. माझ्या गाडीमुळे पडलेला माणूस माझ्याच गाडीला चिखल लागू नये म्हणून हात पुसतो आहे, हे पाहून मी दार उघडून खाली उतरले.

"बॅटरी उकळून राहिली," तो म्हणाला. "अल्टरनेटर चार्ज करून राहिला, अन थांबतच नाई. पाहुण्याचं पोट भरलं तरी वाढत सुटावं ना, तसं. म्हनून लाइट असे पेटते, अन म्हनूनच फुटते."

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"ऑटो इलेक्ट्रिशियन. भंडाऱ्याले दुकान हाय माहं. टेकचंद."

"टेकचंद?" मला हसू आवरेना. "हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबाचंच होय. ते गेले, नाव रिकामं होतं, मले देऊन टाकलं."

त्याने अल्टरनेटरची एक तार काढून बाजूला बांधली. आता घरापर्यंत गाडी नुसत्या बॅटरीवर चालेल म्हणाला. मग मोटारसायकल बांधीतून ओढून काढली, दोन लाथा मारून चालू केली, आणि मागे वळून म्हणाला, "माह्या लाल लाइटाच्या मागं मागं या."

मी निघाले. पुढे तो लाल ठिपका, मागे मी. खड्डा आला की तो हात बाहेर काढून दाखवायचा – डावीकडे आहे... उजवीकडे आहे... वळणावर थांबून मान वळवायचा, मी आले की नाही ते पाहायचा. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे. तरी मी सगळा वेळ त्या हाताकडेच पाहत होते.

*

घरी आबा ओट्यावर बसले होते. आबा म्हणजे माझे आजोबा, परसराम. घरात आम्ही तिघंच – आबा, आई आणि मी, गुंजन.

आमची फियाट कुठे उभी राहते हे ऐकलं की लोक हसतात. ती गोठ्यात राहते. आबांचे बैल मी शाळेत असतानाच गेले, शेत ट्रॅक्टरने व्हायला लागलं, आणि रिकाम्या दावणीकडे पाहून पाहून आबांनी एक दिवस गाडीच आत नेऊन लावली. तिच्या कपाळावर, म्हणजे बॉनेटवर, पांढरा डाग आहे, म्हणून ती चांदणी. तेव्हापासून दर पोळ्याला चांदणी सजते. आदल्या दिवशी तिचे खांदे शेकायचे, मडगार्डला तूप-हळद चोळायची. पोळ्याच्या दिवशी अंगावर झूल, पुढे बाशिंग, आणि गावच्या तोरणाखाली ती बैलांच्या रांगेत उभी! पहिल्या वर्षी लोक पोट धरधरून हसले. आता तिच्यासोबत फोटो काढतात.

यंदाचा पोळा झाला आणि चांदणीचं बिनसलं. बल्ब फुटायला लागले, बॅटरीचं पाणी आटायला लागलं. एकदा झाकण काढताना माझ्या मनगटावर ॲसिड उडालं. तो डाग पाहिल्यापासून आबांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याला जुनी गाडी हवी होती. दारापुढे उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती त्याला. रविवारी तो गाडी न्यायला येणार होता.

"गुंजा, जनावर मारकं झालं का दावनीले ठेवू नये," आबा त्या संध्याकाळी पुन्हा म्हणाले. "आज लाइट गेले. उद्या तुह्या जिवावर येइन."

चांदणी आणि फुलझाडं! याच गाडीत आबांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरायला शिकले. हिच्याच जोरावर मी गावोगावच्या विणकरांकडून साड्या आणून भंडाऱ्याला विकते.

टेकचंद अंगणात उभा राहून हे सगळं ऐकत होता. चिखल वाळून पांढरा पडला होता.

"आबाजी, जनावर मारकं नाई जी. बिमार हाय," तो म्हणाला. "रविवारपावतर मले पाहू द्या."

"तुले काय पडलं बापा?"

"माही पँट गेली ना जी हिच्यापायी. कारन त समजलं पायजे."

आबांच्या मिशा हलल्या. म्हणजे हसले.

*

दुसऱ्या दिवसापासून टेकचंद दुपारनंतर दुकान लवकर बंद करून यायचा. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये तो आणि त्याची आई राहतात. आई तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला. तिथून दुकान, दुकानातून आमचा गोठा. एवढं फिरून येणारा माणूस आल्या आल्या चांदणीच्या बॉनेटवर हात ठेवून विचारायचा, "कशी हाय तब्येत?" आणि माझ्याकडे पाहायचा. आता ही तब्येत नक्की कोणाची विचारतोय, हे मला कळायचं नाही.

त्याने नवीन बॅटरी लावून इंजिन चालू केलं, मीटरच्या दोन पिना बॅटरीला लावल्या.

"सोळा पॉइंट आठ व्होल्ट. ताप हाय."

"आणि ताप नसला की किती?"

"चौदा. चौदाच्या आसपास राहिली का गाडी शहानी. मानसाचं बी तसंच हाय, मॅडम. तुमी त्या दिवशी रस्त्यावर अठरा होत्या."

"आणि तुम्ही?"

"मी त बांधीत थंड झालो ना."

गोठ्याच्या टिनावर पाऊस वाजत होता. मी टॉर्च धरायची, तो वाकून काम करायचा. काम करताना त्याची जीभ दातांत यायची. टॉर्च हळूच रेग्युलेटरवरून त्याच्या चेहऱ्यावर सरकायची...

"मॅडम, बिघाड इथं खाली हाय," तो वर न पाहता म्हणायचा.

रेग्युलेटर म्हणजे चार्जिंगला लगाम घालणारी लहानशी लोखंडी डबी. तो लगामच सुटलाय, असं म्हणत त्याने नवी डबी लावली. ताप तसाच. मग अल्टरनेटर बदलला. तसाच. मग आणखी एक डबी आणली. सोळा पॉइंट सात! आईने तांदळाच्या पिठाचे आयते करून खाऊ घातले, आबा रोज येऊन "अजून मारते का?" विचारून गेले, आणि टेकचंद डोकं खाजवत राहिला.

"तुम्हाला येत नसेल तर सांगा," मी चिडवलं.

"येते ना जी. पन हे गाडी तुमच्यासारखी हाय. कायले चिडली ते सांगतच नाई."

"आणि तुम्ही विचारता का नीट?"

त्याने मान वर केली. पाहिलं. चांगलं पाहिलं... मग घाईघाईने पाना उचलला, तोही उलटा.

त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी सुधारली नाही तर रविवारी चांदणी जाणार. आणि सुधारली तर टेकचंद यायचा बंद होणार. इकडे आड तिकडे विहीर! गाडीला ताप सोळाचा होता, माझा कोणी मोजला असता तर मीटरच फुटलं असतं. मला तो आवडला होता. बास, आवडला होता, त्यात लाजायचं काय? पण सांगायचं कसं? आणि त्याच्या मनात फक्त अल्टरनेटरच असला तर?

*

शनिवार उजाडला. टेकचंद सकाळीच आला. चेहरा उतरलेला.

"एकच दिवस राहिला," तो हळूच म्हणाला. गंमत नाही, चेष्टा नाही. मला वाटलं, बसून रडावं.

"मीटर मी लावते," मी म्हणाले. निदान हात तरी कामात राहावेत. लाल पिन बॅटरीच्या लाल टोकाला धरली. काळी दुसऱ्या टोकाला लावायची होती, पण माझं लक्ष त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे होतं, आणि ती टेकली शेजारच्या रेग्युलेटरच्या डबीला.

"हे घ्या. मीटरही मेलं. शून्य."

"काय?"

"शून्य दाखवतंय."

"काळी पिन कुठी हाय तुमची?"

"अरेच्चा, चुकून डबीला लागली. काढते..."

"नोका काढू!" तो इतक्या जोरात ओरडला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हालू नोका! लोखंडी डबी लोखंडी गाडीवर बसवली हाय, अन गाडीले बॅटरीचं काळं टोक जोडून हाय. तिथं बारा दाखवाले पायजे. शून्य कायले दाखवते? म्हंजे डबीचा अन गाडीचा संबंधच नाई!"

त्याने झटकन एक तार घेतली, एक टोक डबीला, दुसरं टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला. "चालू करा!"

मी धावले. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं. पाय दाबला... आणखी दाबला...

"चौदा!" टेकचंद नाचायला लागला. "चौदा पॉइंट एक! गुंजन, चौदा!"

मी उडी मारून बाहेर आले. त्याने माझे दोन्ही हात धरले, आम्ही त्या गोठ्यात गोल फिरलो, आणि तो मला पहिल्यांदा नावाने बोलावतोय हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. हात सुटले. माझा एक जरा उशिरा सुटला.

मग त्याने डबीचे बोल्ट काढले, आणि आम्ही दोघंही खाली वाकलो.

डबीच्या खाली लालभडक ऑइलपेंट. जाड, तुकतुकीत, दोन हातांचा. त्यावर सायकलच्या ट्यूबच्या सुबक कापलेल्या चकत्या, डबी थरथरू नये म्हणून. बोल्टसुद्धा रंगात बुडवून काढलेले. डबीला गाडीचं उघडं लोखंड कुठे शिवतच नव्हतं, म्हणून तिला बॅटरी भरली हे कधी कळतच नव्हतं.

"अन मी येडा!" टेकचंद कपाळावर हात मारून म्हणाला. "किती सुंदर बसवलं म्हनून दोन्ही नव्या डब्या याच चकत्यावर बसवल्या. हे कोनी केलं?"

मला सांगायची गरज नव्हती. पोळ्याला आबांनी चांदणीची शिंगं, म्हणजे बंपरची टोकं, रंगवली होती. यंदा हौसेने बॉनेट उघडून आतलं सगळं सुटं करून, एक एक वस्तू पुसून, रंगवून, परत लावली होती. माझ्या मनगटावरचा डाग पाहून जे आबा त्या रात्री जेवले नाहीत, त्यांच्याच हाताने हे झालं होतं.

"त्यांना सांगू नका," मी कुजबुजले. "तार तुटली होती म्हणा."

"अन पुढच्या पोळ्याले ते पुन्हा रंगवतीन. गाडी तुमी चालवता."

"मी पाहीन ते. पण त्यांना कळलं तर ते पुन्हा चांदणीला हात लावणार नाहीत. तुम्हाला काय, तुम्ही उद्यापासून तुमच्या दुकानात!"

"गुंजन, मी आबाजीले खोटं नाई सांगत."

"मग जा! सांगा आणि निघा इथून!"

तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि खरंच ओट्याकडे गेला. मी दाराआड उभी. इतका राग, इतका राग की डोळ्यांतून पाणी.

"सापडलं का गा?" आबांनी विचारलं.

"सापडलं जी." टेकचंद त्यांच्या पायाशी पायरीवर बसला. "आबाजी, पोळ्याले तुमी बैलाची शिंगं रंगवत होते. खुरं रंगवत होते. नाकपुड्या रंगवत होते का जी?"

"नाकपुड्या कायले रंगवू? श्वास कुठून घेइन?"

"चांदणीच्या पोटात एक डबी हाय. ते तिची नाकपुडी होय. तिले तिथं उघडं लोखंड पायजे. रंग लागला, अन तिचा श्वास कोंडला."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजे पोरीचा हात... माह्यापायी."

"बिमारी नाई ओळखली मी बी. तीच चूक मी दोनदा केली जी."

आबा उठले. मला वाटलं आत जाऊन पडतील. पण त्यांनी कुडाला खोचलेला विळा काढला, गोठ्यात आले, माझ्याकडे न पाहता बॉनेटवर वाकले आणि लाल रंग खरवडायला लागले. चकाकतं लोखंड निघेपर्यंत थांबले नाहीत. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझं मनगट धरलं, त्या डागावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चाल, फिरवून आन मले."

*

दिवस कलत होता. मी स्टिअरिंगवर, शेजारी टेकचंद मांडीवर मीटर घेऊन, मागे आबा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. त्याच्या शेजारी बसून न बोलणं काय कठीण असतं, ते मलाच ठाऊक. डबी उघड्या लोखंडावर परत बसवून नवे हेडलाइट लावण्यात दिवस गेला होता. उजेड शांत, पिवळा, स्थिर पडला होता.

"चौदा," टेकचंद म्हणाला. मी वेग वाढवला. "चौदा."

"टेकचंद," मागून आबा म्हणाले, "पुढच्या पोळ्याले रंग लावू का नोको?"

"लावा ना जी! मी येतो. ते जागा मी झाकून ठेवतो, बाकी तुमी रंगवा. दर पोळ्याले येतो."

"दर पोळ्याले?"

"हाव जी."

"पोळा घरचा सन होय बापा. घरच्या मानसाचा. तू कोन्या नात्यानं येशीन?"

टेकचंदने मीटरकडे पाहिलं.

"चौदा," तो म्हणाला.

मी गाडी थांबवली. हसू येत होतं, रडू येत होतं, राग कुठे गेला ते समजत नव्हतं. त्याचे कान लालबुंद झाले होते. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं... आणि मला वाट पाहायची सवय नाही.

"आबा, मला हा आवडतो," मी म्हणाले. "गाडी सुधारली की हा यायचा नाही म्हणून मला झोप नाही. सकाळी खोटं बोल म्हटलं तरी बोलला नाही, म्हणून तर जास्तच आवडतो. येऊ दे त्याला जावई म्हणून."

टेकचंद माझ्याकडे वळला.

"मी रोज दुकान बंद करून फियाटसाठी येत होतो, असं वाटलं तुले?"

"मग बोलला का नाहीस?"

"गाडी बिघडून असताना कसा बोलू? तू हो म्हनली असती, त मनातून म्हनली का गरजेपायी, हे मले जन्मभर समजलं नसतं. आज बोलनार होतो. तू हाकलून देलं ना." तो थांबला, आणि मग एका दमात म्हणाला, "मले तू पायजे, गुंजन. बांधीत पडलो तवापासून पायजे."

मागच्या सीटवर आबांनी घसा खाकरला. खिशातून फोन काढला, नागपूरवाल्याचा नंबर लावला. "उद्या येऊ नोका जी... नाई, द्याची नाई आता. जनावर शहानं हाय, मानसंच येडे निघाले." फोन खिशात टाकून त्यांनी टेकचंदच्या खांद्यावर थाप मारली. "तुह्या आईले घेऊन ये, बापा. रीतीनं."

"उद्याच आनतो जी," टेकचंद म्हणाला. "तसाही रविवार मोकळा झाला."

मी गाडी वळवली. घरापर्यंत ती सगळी वाट तिसऱ्याच गिअरमध्ये आणली, कारण माझा डावा हात मोकळा नव्हता.